चक्की फिरते का?

“काय स्वप्न पडलं?”

इशामानाच्या वस्तीत उजाडलं की चुलीत काटकी घालायच्या आधी हा प्रश्न येतो. बरी आहेस ना, झोप लागली ना, ही विचारपूस मागाहून. आधी स्वप्न. कुणाला हरवलेली शेळी दिसली तर त्या दिवशी कळप दुसऱ्या अंगाला न्यायचा. कुणाला स्वप्नात आंघोळ सांगितली तर सगळ्या घरानं तांबडं फुटायच्या आत अंगावर पाणी घ्यायचं, मग प्यायला घरात तांब्याभर उरेना का. स्वप्न हुकूम सोडतं, माणसं तो पाळतात. ज्यांनी पाळला नाही त्यांचं काय झालं हे सांगायला कोर्नेलियामावशी बसलेलीच असते, आणि ती सांगायला लागली की कॉफी गार होते.

तेलमिना मात्र गेले काही आठवडे हा प्रश्न टाळत होती.

“पडलं काहीतरी,” ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालत राहिली.

“काहीतरी कुत्र्यालाही पडतं,” मावशी म्हणाली. ती तेलमिनाच्या आईची धाकटी बहीण, पंचक्रोशीची स्वप्नं उलगडणारी बाई. गालात तंबाखू आणि जिभेवर सुरी. “डोळ्यांखाली काय काळं झालंय बघ. मला फसवतेस? तू जन्मलीस तेव्हा तुला उलटी धरून रडवलीय मी.”

तेलमिनानं फुंकणं थांबवलं. “नेमेसिओ येतो,” ती म्हणाली. “रोज येतो गं. पाणी मागतो.”

मावशीनं तंबाखू थुंकली.

नेमेसिओ तेलमिनाचा थोरला. चौदा महिन्यांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, माल नेणाऱ्या होडीवर चढून तो बेटांकडे निघाला आणि होडी भर समुद्रात उलटली. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं नाही. मग त्याचा निजायचा रिकामा झुला मांडवात टांगून आठवडाभर रडणं झालं. बोकड कापले, कॉफी आणि दारू वाटली, लांबलांबचे कुळवाले तोंडावरून कपडा ओढून रडून गेले. मेलेल्याचं जे जे करायचं ते सगळं झालं, मेलेला तेवढा नव्हता.

पण तेलमिनाच्या काळजात रुतलं होतं ते वेगळंच. निघायच्या दिवशी पोरानं तिच्या पेटीतून लाल दगडांची माळ उचलली होती. ती माळ आईकडून लेकीला जाते. तेलमिनाला तिच्या आईकडून मिळालेली, पुढे धाकट्या यादिराची व्हायची. असली माळ अंगावर असली की समुद्र माणसाला गिळत नाही, असं म्हणतात. पोरानं तेवढंच ऐकलं आणि बहिणीच्या वाट्याची वस्तू गळ्यात घालून चालू पडलं. तेलमिना निवडुंगाच्या कुंपणापर्यंत त्याच्या मागे धावली होती. “माळ आणल्याशिवाय या दारात पाणीसुद्धा मागू नकोस! पाठ फिरवीन मी तुझ्याकडे, सांगून ठेवते!” सगळ्या वस्तीनं ऐकलं. रागाच्या भरात आया काय नाही बोलत? पण हे बोलणं शेवटचं ठरलं, आणि शेवटच्या बोलण्याला उतारा नसतो.

“गळ्यात माळ असते?” मावशीनं विचारलं.

“नसते. रिकाम्या हातानं येतो. ओठ फुटलेले असतात नुसते.”

“आणि यादिराचा ताप कधीपासून आहे?”

तेलमिनानं मांडवाकडे बघितलं. सात वर्षांची यादिरा झुल्यात मुटकुळं करून पडली होती. पोट आत गेलेलं, पाय काडीसारखे. जुलाब थांबत नव्हते, ताप उतरत नव्हता. “तो यायला लागला तेव्हापासूनच,” ती म्हणाली.

“मग?” मावशी म्हणाली. “अजून कळत नाही तुला? मेलेल्याला आपण मेलोय हे ठाऊक नसतं, तेलमिना. होडी उलटली, मी पोहलो, किनाऱ्याला लागलो, असंच त्याला वाटत राहतं. म्हणून घरी येतो, पाणी मागतो. पाणी दिलं की इथंच घोटाळतो. आणि हेपिराला एकट्यानं जायचं जिवावर येतं म्हणून सोबत शोधतो. पोराची सोबत कोण? धाकटी बहीण.”

पश्चिमेला, जमीन संपते त्या टोकाशी हेपिरा आहे. कुळातले सगळे गेलेले तिथंच आहेत.

“मी काय करू सांग,” तेलमिना म्हणाली.

“त्याला सांगायचं. तू मेलास. इथं तुला पाणी नाही. तुझी वाट हेपिराची. आणि पाठ फिरवायची. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही.”

“अगं, पण स्वप्नात मला कुठं आठवतं तो मेलाय ते! तो येतो, मला वाटतं आला बाबा एकदाचा. मी पाण्याला उठते आणि जाग येते. झोपेत झोप कळली असती तर काय पाहिजे होतं?”

“कळते,” मावशी म्हणाली. “शिकावं लागतं.”

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी मावशी तेलमिनाला समोर बसवायची आणि स्वप्न पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. नुसतं ‘तो आला’ चालायचं नाही. ऊन कुठं होतं? शेळ्या कुठं होत्या? चुलीत विस्तव होता का? अंगात कुठला झगा होता? तेलमिना वैतागायची, “मला काय माहीत, मी काय झग्याकडे बघत होते?” तर मावशी म्हणायची, “मग आज रात्री बघ.” जी जी वस्तू स्वप्नात दिसली तिच्यासाठी एकेक मक्याचा दाणा जमिनीवर ठेवायचा. शेळ्यांचे दाणे एकीकडे, उन्हाचे एकीकडे, कुत्र्याचे एकीकडे. अकरा दिवसांनी मावशीनं ढिगांवरून हात फिरवला. बाकीचे ढीग चार-पाच दाण्यांचे होते. एकात पुरे अकरा.

“हा कसला गं?”

“चक्की,” तेलमिना म्हणाली. “पवनचक्की फिरत असते.”

दोघींनी माना वळवल्या. वस्तीच्या उत्तरेला तीनशे पावलांवर, निवडुंगाच्या वरून चक्कीचं डोकं दिसत होतं. आजोबांच्या वेळी सरकारनं बसवलेली, नऊ वर्षांपूर्वी गंजून अडकलेली. एक पातं पडलेलं, शेपटीवर घारीचं घरटं. या मुलखात वारा म्हणून कधी पडत नाही, दिवस नाही रात्र नाही, पण ती चक्की तसूभर हलत नव्हती. तिच्याखालची विहीर झाकलेली होती आणि माणसं शेळ्यांबरोबर तळ्यातलं गढूळ पाणी पीत होती. दुरुस्तीवाले येणार, येणार, असं तेलमिनाचा थोरला भाऊ सिल्व्हेरिओ चार वर्षं सांगत होता. तोच आता वस्तीचा कर्ता, पोरांचा मामा. तो तालुक्याला खेटे घालायचा आणि परत येऊन लोकांची बोलणी खायचा.

“फिरत असते म्हणजे कशी?”

“करकर वाजते. अगदी लहानपणी वाजायची तशी.”

“झालं तर मग,” मावशी म्हणाली. “खूण मिळाली. आता दिवसा एक काम करायचं. जाता-येता, पाणी आणताना, विणताना, चक्कीकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, चक्की फिरते का? नाही? म्हणजे मी जागी आहे. दिवसा जे विचारशील तेच झोपेतही विचारशील. सवय माणसाच्या आधी उठते.”

तेलमिनानं ते व्रतासारखं धरलं. पिशवी विणताना दर दहा टाक्यांनी मान वर. चक्की फिरते का? नाही. जागी आहे. मक्याची पेज ढवळताना, यादिराचं अंग पुसताना, शेळीचं दूध काढताना तेच. सिल्व्हेरिओला मजा वाटायची.

“काय गं, चक्कीशी सोयरीक जमवतेस की काय?”

“दादा, गप बस.”

“नाही, स्थळ वाईट नाही. उंच आहे, खायला मागत नाही. हालचाल तेवढी नाही करत.”

“तुझे दुरुस्तीवाले आले की करेल,” मावशी म्हणाली. “म्हणजे समुद्र गोड होईल त्या दिवशी.”

“येणार आहेत! शब्द दिलाय त्यांनी. नाही आले तर मिशा कापीन.”

“मिशा आहेत कुठं तुला?” यादिरा झुल्यातून बारीक आवाजात म्हणाली आणि सगळे हसले. तेलमिना हसली आणि लगेच तिला रडू आलं, कारण पोरगी चार दिवसांनी काही बोलली होती.

मावशीनं आणखी एक सांगितलं होतं, आणि ते नीट ऐकून ठेवा. “एक खूण म्हणजे अर्धी खूण. चक्की फिरताना दिसली की खाली वाळूकडे बघायचं. जिवंत माणसाचा पाय वाळूत उठतो, मेलेल्याचा उठत नाही. दोन्ही जुळलं तरच तोंड उघडायचं.”

विसाव्या की बाविसाव्या दिवशी ते घडलं. तेलमिना झुल्यातून उठली, टळटळीत दुपार होती, मान आपसूक उत्तरेकडे वळली आणि मनानं विचारलं, चक्की फिरते का? फिरत होती. करकर, करकर. ‘अगंबाई,’ तिला वाटलं, ‘मी झोपलेय!’ आणि तिच्या अंगातून असा काही आनंद गेला की तिला नाचावंसं वाटलं. सगळं होतं तस्संच होतं, फक्त आता ते तिच्या हातात होतं. मांडवाच्या तोंडाशी नेमेसिओ उभा होता. तिनं खाली पाहिलं. वाळू सपाट, एक ठसा नाही. दोन्ही खुणा जुळल्या. आता बोलायचं होतं.

पण खाली पाहिलं की वर पाहावंच लागतं. वर त्याचे फुटलेले ओठ होते, वाढलेले केस होते. मरून वर्ष उलटलं तरी याचे केस कुणी कापले नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं आणि पुढचं सगळं विसरायला झालं. तिनं तुंब्याची वाटी भरली आणि त्याच्या हातात दिली. तो घटाघट प्यायला. “आणखी?” तिनं विचारलं. तिला पक्कं ठाऊक होतं आपण काय करतोय ते.

त्या सकाळी यादिराचे डोळे वर गेले. अंग तव्यासारखं तापलं, दात बसले. सिल्व्हेरिओनं तिला मांडीवर घट्ट धरलं, मावशीनं चमच्यानं दात उघडले. दुपारी कुठं ती शुद्धीवर आली.

“पाणी दिलंस,” मावशी म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

तेलमिना यादिराचं कपाळ पुसायला लागली.

“दिलंस! झोप कळली, खूण कळली आणि तरी दिलंस! एक पोर गेलं म्हणून दुसरंही देतेस का त्याच्या हाती? आई आहेस की कोण आहेस?”

“मावशी, त्याचे ओठ...”

“ओठ मातीत गेले त्याचे! मासे खाऊन गेले! हिचे ओठ बघ, हे अजून आहेत!”

तेलमिनानं लेकीकडे बघितलं. मग तिनं यादिराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पुढच्या खेपेला वाळूकडे बघायचं नाही. खाली बघितलं की वर बघावं लागतं, आणि वर बघितलं की आपण विरघळतो. चक्की फिरताना दिसली की तिथल्या तिथं पाठ फिरवायची आणि बोलून टाकायचं. हे तिनं मावशीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मावशीनं कान पिळला असता, आणि तो पिळायलाच हवा होता.

त्यानंतर तीन रात्री तिला झोप नाही. यादिराच्या उशाशी बसून पहाट करायची. चौथ्या दिवशी सकाळी मावशीनं कसल्यातरी पाल्याचा काढा करून तिला पाजला, झुल्यात लोटलं आणि म्हणाली, “झोप. त्याला यायला दार उघडं ठेव. मी पोरीला बघते.”

तेलमिना दगडासारखी झोपली. आणि त्याच सकाळी, चार वर्षं येणार-येणार म्हणणारे दुरुस्तीवाले ट्रक घेऊन आले.

सिल्व्हेरिओ तर नाचायचाच बाकी राहिला. सगळी वस्ती, म्हातारेकोतारे, कुत्री, सगळे चक्कीकडे धावले. विहिरीचं झाकण निघालं, खालून गार वास आला. शेळ्यांनाही तिकडेच हाकललं. यादिरानं मावशीचा झगा ओढला. “आईला उठवते मी. आईला दाखवायचं.”

“खबरदार,” मावशी म्हणाली. “झोपलेल्याचा जीव बाहेर फिरत असतो. उठवलंस तर वाटेत राहील. उठली की बघेल तिची ती.” आणि पोरीला काखेत घेऊन ती ताज्या पाण्यानं न्हाऊ घालायला घेऊन गेली.

चूक कुणाची म्हणायची? आमच्यात झोपलेल्याला कुणी उठवत नाही. उठवलं असतं तर वाईट माणूस ठरली असती मावशी.

टळटळीत दुपार होती. तेलमिना झुल्यातून उठली. वस्ती चिडीचूप, शेळी नाही की कुत्रं नाही. तिची मान आपसूक उत्तरेकडे वळली. चक्की फिरते का?

फिरत होती. करकर, करकर.

‘झोपेत आहे मी,’ तेलमिना मनाशी म्हणाली. या वेळी आनंद नाही झाला. तिनं दात आवळले. मांडवाच्या तोंडाशी उन्हात कुणीतरी उभं होतं, उंच, केस वाढलेले. तिनं तेवढंच पाहिलं आणि गर्रकन पाठ फिरवली.

“आई,” तो म्हणाला. घसा कोरडा होता, आवाज नीट फुटत नव्हता. “आई, मी आलो. पाणी दे.”

“इथं तुला पाणी नाही,” तेलमिना भिंतीकडे बघत म्हणाली.

तो म्हणाला, “अजून रागावलीस? अगं, मी पहाटेपासून चालतोय. एक घोट दे, मग बोल काय बोलायचं ते.”

“तू मेलास नेमेसिओ.”

“काय?”

“मेलास तू. होडी उलटली त्याच दिवशी मेलास. आम्ही रडलो तुला. तुझा झुला टांगून रडलो, बोकड कापले. मामानं सगळ्या कुळाला जेवू घातलं. तुझी वाट हेपिराची आहे, पोरा. इथं थांबू नकोस. बहिणीला नेऊ नकोस.”

नुसती चक्की वाजत होती.

“मला वाटलं मी पोहून निघालो,” तो हळूच म्हणाला.

मावशीचा शब्दन्‌शब्द. मेलेल्याला असंच वाटतं. उरलासुरला संशयही गेला.

“सगळ्यांनाच वाटतं तसं,” ती म्हणाली. आता तिच्या आवाजात माया आली होती, ती तिला आवरेना. “घाबरू नकोस. आजी आहे तिथं. आजोबा आहेत. समुद्राच्या बाजूला सरळ चालत जा. जा माझ्या राजा.”

“आई, इकडे बघ तरी एकदा.”

“नाही.”

“बघ ना गं.”

“नाही बघायची!” ती ओरडली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

मागे खांबापाशी काहीतरी खळखळलं, दगडावर दगड घासल्यासारखं. मग पावलं. मग वारा.

तेलमिना कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग डोळे पुसले. जमलं होतं. एकदाचं जमलं होतं. यादिरा वाचली होती. आता फक्त जाग यायची होती, म्हणून ती परत झुल्यात जाऊन आडवी झाली आणि तीन रात्रींची झोप तिच्यावर पुन्हा कोसळली.

“आई! आई गं! चक्की फिरतेय!”

ऊन कललं होतं. यादिरा झुल्याला धरून हलवत होती. केस ओले, गाल ओले, ताप नसल्यासारखे डोळे. “मामा म्हणतो, आता मिशा वाढवतो! आणि हे बघ. खांबाला अडकवलं होतं. माझीच ना ही?”

तिच्या गळ्यात लाल दगडांची माळ होती.

तेलमिनानं माळेकडे बघितलं, मग उत्तरेकडे. चक्की फिरते का? फिरत होती. “अजून झोपेतच आहे मी,” ती मोठ्यानं म्हणाली. “जा बाळ, तू पण जा. जाग येऊ दे मला.”

“आई, काय बोलतेस? दुरुस्तीवाले आलेत. सकाळीच आले. मावशीआजीनं उठवू दिलं नाही.”

तेव्हा तेलमिनानं खाली पाहिलं. वाळूत यादिराच्या छोट्या ओल्या पावलांचे ठसे होते. त्यांच्या शेजारी मोठे ठसे होते, अनवाणी, उजव्या पायाची करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली. लहानपणी गाढवानं पाय दिला होता त्याच्यावर. ठसे मांडवापर्यंत आले होते, एका जागी खूप वेळ उभे राहिले होते, खांबापाशी गेले होते आणि मग निघाले होते. रस्त्याकडे नाही. पश्चिमेकडे.

तिनं किंकाळी फोडली ती चक्कीपर्यंत ऐकू गेली.

सिल्व्हेरिओ दुरुस्तीवाल्यांचा ट्रक घेऊन निघाला. पण वाऱ्यानं कोसभराच्या पुढे वाळू साफ झाडून टाकली होती. तेलमिना ट्रकवर उभी राहून हाका मारत होती, “नेमेसिओ, पाणी आणलंय रे! पाणी आणलंय!” तिच्या हातात घागर होती आणि खड्ड्याखड्ड्याला ती डचमळून सांडत होती. रात्रभर शोधलं, दुसरा दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी मिठागरांच्या पलीकडे एका बाभळीखाली तो सापडला. कुशीवर निजला होता, तोंड समुद्राकडे. अंगावर जखम नाही, झटापट नाही. सांगितलेल्या वाटेनं गेला होता आणि दमला तिथं पडला होता.

खिशात एक कागद निघाला. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवला. दुसऱ्या एका होडीनं त्याला समुद्रातून उचलला होता. माल चोरटा होता म्हणून बेटावर सव्वा वर्ष तुरुंगात ठेवला आणि आठ दिवसांपूर्वी सोडला होता. निरोप का धाडला नाही, हे कागदात नव्हतं. तेलमिनाला ते कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. माळ आणल्याशिवाय पाणी मागू नकोस म्हटलं होतं ना, पोरगं माळ घेऊनच येणार होतं.

“दैव देतं आणि कर्म नेतं,” सिल्व्हेरिओ म्हणाला आणि तोंडावर हात धरून लहान पोरासारखा रडला.

यादिरा आठ दिवसांत खडखडीत बरी झाली. विहिरीचं स्वच्छ पाणी पोटात गेलं, जुलाब थांबले. दोन महिन्यांत ती शेळ्यांमागे धावायला लागली. रोग तळ्याच्या पाण्यात होता, एवढी साधी गोष्ट. मावशीनं ते ऐकलं, दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी तेलमिनाच्या पायाशी येऊन बसली. “मी म्हटलं होतं ना, वाळूकडे बघ म्हणून,” एवढंच तिच्या तोंडून निघालं. तेलमिनानं तिला कॉफी दिली. भांडायला तरी अंगात काही उरायला हवं.

आता चक्की रोज फिरते. खूण उलटी झाली, करकर ऐकू आली की जाग, नाही आली की झोप. आणि नेमेसिओ अजून येतो. मांडवाच्या तोंडाशी उभा राहतो, ओठ फुटलेले असतात. तेलमिना वाटी भरून देते आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहते. उत्तरेकडे तिची पाठ असते. मान वळायला बघते, तिला सवय आहे ना, पण ती वळू देत नाही. खाली वाळूकडेही बघत नाही. करकर मात्र ऐकू येत नाही, आणि ते त्यालाही कळतं.

“आई, चक्की बंद का पडली?” तो पिता पिता विचारतो.

“वारा पडलाय रे,” ती म्हणते. “तू पी.”

त्या मुलखात वारा कधी पडत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तो वाटी पुढे करतो, ती पुन्हा भरते.

मग उजाडतं. मावशी चुलीपाशी येऊन बसते आणि घाबरत घाबरत विचारते, “काय स्वप्न पडलं?”

“काहीच नाही,” तेलमिना म्हणते.